मला दोरी कळत नाही

मित्रांनो, मी एक पांढरी काठी आहे. वय म्हणाल तर जेमतेम वर्षाचं, पण अंगावर ओरखडे इतके की कोणीही मला जुनीच समजेल. वालीवच्या एका लहान कारखान्यात माझी नळी कापली गेली. मग क्षितिजा नावाच्या संशोधक मुलीने माझ्या मुठीत यंत्र बसवलं. पुढे भिंत, खांब किंवा उभी रिक्षा आली की मूठ थरथरते. अंध माणसांना माझा कितपत उपयोग होतो, हे तिला तपासायचं होतं. तिच्या कॉलेजच्या गुळगुळीत व्हरांड्यात मी एकदाही चुकले नाही. सगळ्यांनी कौतुक केलं आणि मी चांगलीच फुशारले.

पुढच्या तपासणीसाठी मला पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या जोसेफकाकांकडे दिलं. डोळे गेल्यापासून ते घरी बसून जाळी विणत. माझ्यामुळे ते धक्क्यावर, चर्चमध्ये एकटे जाऊ लागले. कोणाचा हात धरावा लागत नाही, याचं त्यांना केवढं अप्रूप होतं! रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला निघताना ते मला ओल्या फडक्याने पुसत.

पण त्यांच्या वाटेवर बोंबील सुकवायच्या दोऱ्या बांधतात. बारीक दोरी मला कळत नाही. एका सकाळी काका माझ्या भरवशावर सरळ चालत गेले आणि दोरी त्यांच्या गळ्यात रुतली. त्यांच्या हातात मी गप्पच होते. माझा मलाच राग आला.

त्याच आठवड्यात क्षितिजा आली.

"काका, काठीचा काही त्रास? आणि मानेला काय झालं?"

"दाढी करताना लागला. काठी बरी हाय, बाय."

ती गेल्यावर मॅग्डलीनकाकी चिडल्या. "खरा का नाय सांगला?"

"पोरगी उनाची येते, आपल्यात जेवते. तिच्या वस्तूला नावा ठेवू? आनि परत नेली तर?"

घरी आलेल्याचं मन मोडायचं नाही, ही इथली रीत. रीत चांगलीच आहे, पण तिच्यापायी माझी खोट झाकली गेली. क्षितिजाही दर वेळी ओट्यावर बसूनच विचारायची, चांगलं ऐकून खूश व्हायची. त्या वाटेने ती काकांबरोबर कधी चालली नाही.

मग एकदा ती हसतच आली. "काका, तुमच्यामुळे काठी पास झाली. अशीच एक शेजारच्या एलिसाला देतोय. ती शाळेत एकटी जाईल."

एलिसा तिसरीत आहे, जन्मापासून अंध. बोंबलाच्या दोऱ्या एकीखाली एक असतात आणि खालची बरोबर तिच्या गळ्याशी येते. काकांचा विणता हात थांबला.

"तिला नको देऊ, बाय. हिला दोरी कलत नाय." त्यांनी सदऱ्याची कॉलर बाजूला करून वण दाखवला. "मी खोटा बोललो."

क्षितिजाचा चेहरा उतरला. "मग ही मला न्यावी लागेल, काका. कधी दुरुस्त होईल, सांगता येत नाही."

"ने," काका म्हणाले आणि त्यांनीच मला तिच्या हातात दिलं.

आता मी कॉलेजच्या टेबलावर मूठ उघडी टाकून पडले आहे. मित्रांनो, तुम्हाला कोणी विचारलं, आमची वस्तू कशी आहे, तर त्यांचं मन राखत बसू नका. आणि विचारणाऱ्यांनो, नुसतं विचारू नका, बरोबर चालून बघा. मला मात्र लवकर दुरुस्त करा. काका पुन्हा घरी बसून आहेत.