पाच खडे, वीस दाणे

मी भागाबाईंचं सूप बोलतंय. समुद्रपूरजवळच्या एका गावात, त्यांच्या पडवीतल्या खुंटीवर राहतं. बुरडाने मला बांबूच्या कामट्यांनी विणलं, भागाबाईंनी शेणाने सारवलं. जन्मभर फोलकटं उडवली. माणसांच्या आजारपणात नाक खुपसेन असं कधी वाटलं नव्हतं.

यंदा गावात छातीचा फोटो काढणारी गाडी आली. भागाबाईंच्या फोटोत टीबीचा संशय निघाला. त्यांनी त्याच दिवशी आपलं ताट वेगळं केलं आणि चार महिन्यांच्या नातीला, गुंजनला, घेणं सोडलं. पोर रडली की त्या मलाच जोरजोरात थापट्या मारायच्या. राग यायचा, पण वाईटही वाटायचं.

एके सकाळी डॉक्टर सपना थुंकी तपासायला डबी घेऊन आल्या.

"हे देऊन काय करू? फोटोत तं आलंच," भागाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्यातल्याच तुरीचे वीस दाणे वेचले, शेजारी पाच खडे ठेवले. "समजा, पाचशे लोकांचे फोटो काढले. आजार पाचच जणांना. मशीनने ते पाच धरले, पण वीस धडधाकट लोकांवरही बोट ठेवलं. तुम्ही या पंचवीसमधल्या एक."

भागाबाईंनी बोटाने दाणे आणि खडे मोजले. "म्हंजे दाणे जास्त हायेत."

"हो. पण खडेही आहेत. म्हणून पुन्हा पाखडायचं. निकाल येईपर्यंत मास्क लावा. ताट कशाला वेगळं?"

एका फेरीत धान्य साफ होत नाही, हे मला उपजत ठाऊक. माणसं मात्र पहिल्या फेरीलाच हाय खातात.

थुंकीत काही निघालं नाही. "आता शंका अगदी थोडी उरली," डॉक्टर म्हणाल्या. भागाबाईंनी गुंजनला उचललं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. मग माझ्याकडे पाहून त्यांना ते पाच खडे आठवले.

"मंग हे पाच कोणाघरचे?"

शेजारच्या सुलोचनाबाईंच्याही फोटोत संशय होता. त्या दार लावून बसल्या होत्या, डबी तशीच परत केलेली. दुसऱ्या दिवशी भागाबाई मला काखेत मारून तिकडे गेल्या आणि तेच पंचवीस मांडले. सुलोचनाबाईंनी थुंकी दिली. तिच्यात टीबी निघाला.

"मी खडाच निघाली ना," त्या म्हणाल्या.

"तू नाई. खडा तुह्या छातीत होता. सापडला म्हणून आता निघून राह्यला."

माझी कड आता उसवली आहे. सुलोचनाबाईंच्या औषधाचा सहापैकी पाचवा महिना चालू आहे. मला खुशाल चुलीत घाला, फक्त त्यांची शेवटची गोळी होईपर्यंत थांबा.