गिळायला सोपा

मी पाटी बोलतेय. इटालियन हॉटेलाच्या दारात, फुटपाथवर दोन पाय फाकवून उभी असते ती. माझं बोलणं सरळ आहे. गोड ऐकायची सवय असेल तर शेजारच्या हॉटेलात जा, तिथे दार उघडणारा माणूससुद्धा वाकून हसतो.

मूळची मी शाळेतली. चौथीच्या वर्गातला फळा मधोमध तडकला, सुताराने त्याचे दोन तुकडे केले, वरून बिजागरी मारली आणि काळा रंग फासला. झाले मी. शिक्षण म्हणाल तर चौथीपर्यंत. पुढच्या वर्गात मला कुणी नेलंच नाही.

आमची मालकीण स्वतः रांधते. एका इटालियन म्हातारीच्या हाताखाली भांडी घासता घासता शिकली. तिचा एकच नियम: जे आज शिजलंय ते पाटीवर. पाटीवर नाही ते कुणालाच नाही, मग राजा येवो की जावई. त्यामुळे माझ्यावर कधी पाच ओळी असतात, कधी तीन. शेजारच्या हॉटेलात फोटोंसकट साठ पदार्थांचं पुस्तक देतात. साठ पदार्थ एका दिवसात ताजे कोण करतं हो? मोठं घर, पोकळ वासा.

दारात उभं राहून माणसं फार बघितली. नवरा-बायको असतील तर “तू ठरव”, “नाही, तूच ठरव” यातच उपाशी मरतात. ज्यांच्याबरोबर बाहेरगावचे पाहुणे असतात ते तर मला वाचतच नाहीत, पाहुण्यांचं तोंड वाचतात. पाहुण्याची भुवई जरा हलली की निघाले शेजारी, तिथल्या झगमगत्या दिव्यांकडे.

एका सोमवारी सकाळी मात्र एक बाई आली आणि तिने मला वरपासून खालपर्यंत वाचलं. गल्लीच्या टोकाला शिवणकाम करते ती. मालकिणीचे एप्रनही तीच शिवते. गळ्यात टेप तसाच होता. आत गेली आणि त्या टेपने चक्क खुर्चीची उंची मोजायला लागली.

“आता काय खुर्चीला झगा शिवतेस?” मालकीण म्हणाली.

“आईचे पाय जमिनीला टेकायला हवेत. त्याशिवाय तिला ताठ बसता येत नाही. शेजारच्या खुर्च्या बघून आले, उंटावर बसल्यासारख्या. वर सहा पायऱ्या, आणि गाणी एवढी मोठ्याने की माझं मलाच ऐकू येईना.”

“येणार कोण कोण?”

“भाऊ आणि भावजय. बाहेरगावाहून.”

“मग शेजारीच ने की. पाहुणे खूश होतील.”

“त्यांना खूश करायला नाही नेत,” शिवणवाली म्हणाली. “ते आईला न्यायला येतायत.”

मग तिने सगळं सांगितलं. सात महिन्यांपूर्वी आईला अर्धांगाचा झटका आला. चालणं परत आलं, बोलणं आलं, पण घास घशात अडकायला लागला. भावाने फोनवर ठणकावलं होतं, ‘तू दिवसभर मशीनवर. तुझ्याने व्हायचं नाही. माझ्यासमोर तिला एक जेवण नीट जेवून दाखवू दे, नाहीतर मी घेऊन जातो.’ आईला जायचं नव्हतं. तिकडे दोघंही नोकरीला, सकाळी आठला घराला कुलूप लागतं, ते संध्याकाळी निघतं. आणि शिवणवालीच्या एका खोलीत कपड्यांच्या ढिगात चार माणसं जेवायला बसणार कुठे? म्हणून ती हॉटेल शोधत होती.

“पातळ नको, कोरडं नको, सुटासुटा भातही नको,” ती म्हणाली. “आणि तिच्या एकटीच्या पुढे वेगळं काही ठेवू नका. तान्ह्या बाळासारखं वाटतं तिला.”

“पोलेंटा करते,” मालकीण म्हणाली. “मक्याचं पीठ मंद आचेवर तासभर घोटायचं, वर लोणी. जिभेवर टेकला की उतरतो. चौघांनाही तोच वाढते. न खाऊन जातात कुठे!”

शिवणवाली पहिल्यांदा हसली. तिने आमचं हॉटेल निवडलं म्हणून मीही जरा फुगले. खोटं कशाला बोलू?

गुरुवारी दुपारी ते येणार होते. एरवी माझ्यावर मालकीणच लिहिते. त्या दिवशी तिचे दोन्ही हात पिठात होते, म्हणून खडू तिच्या दिराच्या हातात गेला. तो टेबलं सांभाळतो. देवमाणूस आहे, पण सांगितलं त्याच्या इकडचं तिकडे करणार नाही. आतून ती ओरडून सांगत गेली, बाहेर हा लिहीत गेला.

“टोमॅटोचा पास्ता! पालकाचा लसान्या! आणि पोलेंटा, त्या आजीबाईंसाठी, अगदी मऊ, गिळायला सोपा!”

याने शब्दन् शब्द लिहिला. ठळक. खाली रेघसुद्धा मारली.

मला कळत होतं. पण पाटीला अंग झटकता येत नाही.

ते चौघे आले. आजी काठी टेकत, लेकीचा हात धरून. रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची तिची सवय. मलाही वाचायला लागली. “टोमॅटोचा पास्ता. पालकाचा लसान्या. पोलेंटा… त्या आजीबाईंसाठी…” पुढचं तिने ओठातल्या ओठात वाचलं. मग काठी थांबली.

“ताई, हे काय?” भाऊ म्हणाला. “आईचं दुखणं रस्त्यावर लावलंस?”

“अहो, लोक बघतायत,” भावजय पुटपुटली.

“बघू देत ना! याला सांभाळणं म्हणतात? चल आई, मागे फीर. बॅग भरू तुझी.”

शिवणवालीचं तोंड पांढरंफटक पडलं. पिठाच्या हातांनी मालकीण बाहेर आली. मला बघितलं आणि दिरावर उखडली, “भाऊजी, सांगितलेलं सगळं लिहायचं असतं का?”

“वहिनी, शिजलं ते पाटीवर, नियम तुमचाच,” तो बिचारा म्हणाला.

आजी पुढे सरकली. माझ्या कडेला ओलं फडकं दोरीने बांधलेलं असतं, ते तिने घेतलं आणि ‘त्या आजीबाईंसाठी’ एवढंच पुसलं. दोनदा पुसावं लागलं. बाकीचं तसंच ठेवलं.

“आता सगळ्यांचं झालं,” ती म्हणाली. “मला भूक लागलीय.”

ती आत गेली. मुलगाही गेला, पण बसला तो वकिलासारखा. खिडकीच्या टेबलावर चार सारख्या ताटल्या आल्या. आजी चमच्याच्या टोकाने खात होती आणि मुलगा आपलं ताट सोडून तिचा घसा बघत होता.

सातव्या की आठव्या घासाला तिला ठसका लागला. मुलगा खुर्ची पाडून उठला, एका हाताने पाठीत धपाटा घालायला, दुसऱ्या हाताने पाण्याचा ग्लास लावायला.

“पाणी नको!” शिवणवाली कडाडली. मग लगेच, अगदी रोजच्या आवाजात, “आई, हनुवटी खाली. हं. खोक अजून. आता गिळ. परत एकदा गिळ.”

आजीने गिळलं, डोळे पुसले आणि पुन्हा चमचा उचलला.

भाऊ हातात ग्लास घेऊन तसाच उभा होता. “पाणी दिलं असतं तर?” त्याने विचारलं.

“छातीत उतरलं असतं.”

त्याने ग्लास टेबलावर ठेवला. मग खाली बसला आणि म्हणाला, “मी तर पाणीच दिलं असतं, ताई.”

निघताना तो माझ्याजवळ थांबला. शिवणवाली पाठमोरी उभी होती, टेप बोटांना गुंडाळत. “राहू दे तिला इथेच,” तो म्हणाला. “मला ते हनुवटीचं एकदा शिकव. सुट्टीत आलो की मी भरवीन.” ती वळली नाही, नुसती मान डोलावली.

त्याला आता तीन वर्षं झाली. आजी दीड वर्ष दर गुरुवारी यायची. मग लेक एकटी येऊ लागली. माझी बिजागरी तारेने बांधलीय, रंगाचे पोपडे निघतायत, पावसाने एक पाय कुजलाय. नवी पाटी सांगितलीय म्हणे.

जाण्याआधी एवढंच सांगते. पाहुण्यांना जेवायला नेणार असाल तर त्यांना काय आवडतं ते विचाराच, सगळेच विचारतात. पण बरोबरच्या म्हाताऱ्या माणसाला काय झेपतं ते आधी बघून या. आणि जे कळेल ते मनात ठेवा. आजीने ते शब्द पुसले खरे, पण पुसायच्या आधी वाचले होते. माझ्या अंगावर वाचले होते.