झाकणाचा विषय काढायचा नाही

मी बोलायला लागलो की घरातली माणसं बोलायची थांबतात. थांबतात कसली, 'अरे, आधी ते बंद कर!' म्हणून ओरडतात. माझा आवाजच तसा आहे. आत्ता मात्र माझी वायर भिंतीतून काढलेली आहे आणि ओटा पुसून झालाय, तेव्हा ऐका. मी एक मिक्सर. तोही घरात नांदलेला नव्हे, दुकानात लोकांना चालवून दाखवायचा, डेमोचा मिक्सर. माझ्या हातून एक पाप झालंय आणि त्याचं खापर भलत्याच बाईच्या डोक्यावर फुटलंय. ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या. एकीनं मोटर बसवली, दुसरीनं पातं घट्ट केलं, तिसरीनं नणंदेची उणीदुणी काढत काढत माझ्या बुडाला रबराचे चार पाय लावले. झाकण पकडून ठेवणारा जो खटका असतो, त्याचं प्लास्टिक कंपनीनं त्याच महिन्यात बदललं होतं. आधीचं महाग होतं, हे स्वस्त. गार रसाला ते पुरून उरायचं. वाफ लागली की मात्र हळूहळू मऊ पडायचं. आणि आमच्या खोक्यावर तर मोठ्या अक्षरांत छापलेलं, 'उकळतं सूपही थेट भांड्यात!'

माझी भावंडं घरोघरी गेली. माझ्या पोटावर 'विक्रीसाठी नाही' अशी लाल चिठ्ठी लागली आणि मी एका मोठ्या दुकानाच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन पडलो. खोटं कशाला बोलू, मला फार गर्व झाला. बाकीच्यांना एक घर, मला रोज शंभर माणसं.

तिथं मला ताई भेटल्या.

ताई चांगल्या उंच, हात मोठे, आवाज जाड. त्या जन्मल्या तेव्हा मुलगा झाला म्हणून घरच्यांना आकाश ठेंगणं झालं होतं. ताई मात्र बाईच होत्या. ते स्वतःला कळायला आणि दुसऱ्यांना कळवायला त्यांचं निम्मं आयुष्य गेलं. घर सुटलं, पुन्हा जुळलं ते फक्त आईशी. ही नोकरी त्यांना सतरा ठिकाणी 'कळवतो' ऐकल्यावर मिळालेली. त्यामुळे त्या मला सकाळी असं पुसायच्या की नव्या नवरीनंही आरसा इतका पुसला नसेल.

आणि जिभेला धार! लोक आधी माझ्याकडे बघायचे, मग त्यांच्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. ताई म्हणायच्या, "माझ्याकडे फुकट बघता येतं, मिक्सरला मात्र पैसे पडतात. या जवळ." लोक हसायचे आणि जवळ यायचे. एकदा एक गृहस्थ कुजबुजले, "तुम्ही... म्हणजे नक्की...?" ताई म्हणाल्या, "मी नक्की सूपवाली. मीठ कमी की बेताचं?" त्या दिवसापासून मजल्यावर त्यांचं नावच सूपवाल्या ताई पडलं.

रोज वीस-पंचवीस वेळा उकळत्या टोमॅटोचं सूप. दोन महिने झाले आणि मला खटका ढिला झाल्याचं जाणवू लागलं. झाकण लागायचं, 'टक्' असा आवाजही व्हायचा, पण फिरता फिरता ते माझ्या डोक्यावर हलायचं. दर पंधरवड्याला कंपनीचा मेकॅनिक मला तपासायला येई. माणूस मनाचा वाईट नव्हता, पण घाईचा. वायर बघायचा, बटण फिरवायचा आणि कार्डावर 'ठीक' लिहून जिना उतरायचा. झाकणाला त्यानं बोटही लावलं नाही.

त्याचं त्याच्यापाशी. माझं काय? माझ्या बुडाला एक लाल बटण आहे. झेपेनासं झालं की ते आपोआप बाहेर येतं आणि मी बंद पडतो. मला बंद पडता आलं असतं. पण भोवती गर्दी असायची, सूप प्यायल्यावर लोक टाळ्या वाजवायचे आणि मला त्या टाळ्यांची चटक लागली होती. आज नको, उद्या बंद पडू, असं मी रोज म्हणत राहिलो.

त्या दुपारी पुढच्या रांगेत एक निवृत्त नर्सबाई होत्या. शेजारी त्यांचा जावई, मोबाईल धरून. घ्यावा का नाही हे बायकोला विचारायला तो व्हिडिओ काढत होता. ताईंनी सूप ओतलं, झाकण लावलं, 'टक्' झालं, सवयीनं एकदा हलवूनही बघितलं आणि बटण फिरवलं. मी पूर्ण वेगात आलो आणि खटका सुटला. झाकण उडालं. उकळतं सूप नर्सबाईंच्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत.

ताईंनी मला बंद केलं, बाटलीतलं पाणी नर्सबाईंच्या हातावर ओतलं आणि ताई रडायलाच लागल्या. नर्सबाईंचे ओठ दुखण्यानं पांढरे पडले होते, तरी त्या म्हणाल्या, "रडू नकोस ग. तू लावलं होतंस, मी बघत होते. ते झाकण बघा कोणीतरी." पण तोवर जावयानं मोबाईल खिशात टाकला होता. व्हिडिओत सूप उडालं तिथवरचंच आलं, सासूबाईंचं बोलणं राहून गेलं.

तो व्हिडिओ बायकोला गेला, बायकोकडून चुलतभावाला, चुलतभावाकडून जगाला. खाली कोणीतरी लिहिलं, 'असली माणसं आणता आमच्या स्वयंपाकघरात? या कंपनीचं काही घेऊ नका.' झालं! संध्याकाळपर्यंत सूपही कोणाच्या लक्षात नव्हतं आणि भाजलेला हातही. जो तो ताईंवर बोलत होता. त्या बाई का, बुवा का, कंपनीनं ठेवलंच कसं, यावर ज्यांनी जन्मात चहा करून घेतला नाही तेही स्वयंपाकघराच्या पावित्र्याबद्दल लिहीत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली. चोर मीच होतो.

गंमत अशी की चालू मिक्सर कोणी फेकला नाही. एका काकूंनी म्हणे कंपनीच्या नावावर चिकटपट्टी लावली आणि त्याच मिक्सरवर दळण चालू ठेवलं. बहिष्कारही झाला, कामही अडलं नाही.

मला उचलून सर्व्हिस सेंटरमध्ये आणलं. मेकॅनिकनं झाकण हातात घेतलं, खटका अंगठ्यानं दाबून बघितला आणि कंपनीच्या साहेबांना बोलावणं धाडलं. साहेब आले तेव्हा म्हणाला, "साहेब, ताईंचा काही दोष नाही. खटका मऊ पडलाय. मागच्या महिन्यात अशाच तीन तक्रारी आल्यात. सगळा माल परत मागवायला पाहिजे."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "लोक कशावर बोलतायत?"

"ताईंवर."

"मग बोलू दे की. ते चार दिवसांत थंड होतं. झाकणावर बोलायला लागले तर कंपनीला टाळं लागेल. तुझ्या कार्डावर काय लिहिलंय?"

"ठीक."

"मग ठीकच आहे. झाकणाचा विषय काढायचा नाही."

मेकॅनिकच्या घरी दोन मुलं शिकणारी. तो मूग गिळून बसला. झाकण एका पिशवीत घालून त्यानं मागच्या फळीवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं दुकानादुकानांत ताईंचा फोटो लावला. 'आमच्या ताई, आमचा अभिमान.' ताई तो बघून हमसून हमसून रडल्या. आपल्यामागे कोणी उभं राहिल्याचं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यांना काय माहीत, कंपनी त्यांच्यामागे उभी नव्हती, लपली होती! मग ताईंच्या बाजूचे लोक निघाले. भली माणसं. त्यांनी मुद्दाम जाऊन आमचेच मिक्सर घेतले, फोटो काढले. तेच खटके, तेच झाकण. प्रेमापोटी त्यांनी ते घरी नेलं, आणि मी सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर गप्प.

महिनाभरानं विक्री फारच खाली आली तसे फोटो उतरले. तेव्हा ताईंच्या बाजूचेही चिडले आणि त्यांनीही बहिष्कार घातला. कारखान्यातली एक पाळी बंद झाली. मला जिनं पाय लावले तीही घरी बसली असेल. नणंदेचं आता कोणाजवळ बोलत असेल, कोण जाणे.

ताईंना कोणी काढलं नाही. त्यांनी स्वतःच राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी ताई कंपनीचा पांढरा कोट परत करायला सर्व्हिस सेंटरमध्ये आल्या. मी टेबलावरच होतो. कंपनीनं त्यांना निरोपाची भेट ठेवली होती, एक नवा कोरा मिक्सर, माझाच भाऊ. मेकॅनिकनंच सकाळी तो खोक्यात बांधला होता.

"बरं झालं बाई," ताई म्हणाल्या. "आईला आता चावत नाही. दोन्ही वेळा सूपच लागतं. पूर्वी गाळून गाळून हात दुखायचे."

मेकॅनिकनं खोक्याची दोरी पुन्हा एकदा आवळली.

"दादा, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा की."

"त्या दिवशी झाकण माझ्याकडूनच नीट लागलं नव्हतं ना? मी रोज आठवून बघते. लावलं होतं असंच आठवतं. पण मग ते उडेल कसं? माझ्या एका हातामुळे त्या बाई भाजल्या, इतक्या जणी घरी बसल्या. लोक मला काय काय म्हणाले ते सोडा, ते मी जन्मभर ऐकतेय. पण ही चूक खरोखरच माझी असेल तर मला ती कळू द्या."

माझ्या झाकणाची पिशवी त्याच्या पाठीमागे दोन हातांवर होती. तो स्क्रूड्रायव्हर पुसत राहिला. मी मनातल्या मनात ओरडलो, बोल रे बाबा, बोल! माझी वायर तेव्हाही काढलेलीच होती.

"होतं असं कधीकधी, ताई," तो म्हणाला.

ताईंनी मान हलवली. मग जवळ येऊन माझ्या पोटावर हात ठेवला. "तुलाही उगाच बदनाम केलं रे," म्हणाल्या, खोकं काखेत मारलं आणि निघाल्या.

त्या जिन्यापर्यंत पोचल्या तेव्हा मेकॅनिक धडपडत उठला, दाराशी धावला. मला वाटलं, आता सांगतो.

"ताई! हा वापराल तेव्हा झाकणावर हात दाबून ठेवत जा. विसरू नका हं."

ताई थांबल्या. वळून बघितलं आणि समजल्यासारखं हसल्या.

"तेच तर," त्या म्हणाल्या. "तेच मी त्या दिवशी केलं नाही." आणि जिना उतरून गेल्या.

मेकॅनिक दारातून परत आला. नंतर त्यानं मला जुन्या मजबूत प्लास्टिकचं झाकण बसवलं आणि घरी आणलं. त्याची बायको खूश आहे, म्हणते असा मिक्सर शोधून मिळायचा नाही. मी सुरू झालो की तो पेपर टाकून बाहेर जातो. आम्ही दोघे सारख्याच पापाचे धनी, पण त्याला निदान बाहेर जाता येतं.

ताईंचा पत्ता मला माहीत नाही. तुमच्या शेजारी एखादी उंच, जाड आवाजाची बाई म्हाताऱ्या आईबरोबर राहत असेल, तर आजच तिचं दार वाजवा. आधी सांगा, त्या मिक्सरमध्ये आईचं सूप करू नका. हात दाबून ठेवूनसुद्धा नको, हात भाजेल. ती म्हणेल, चूक माझीच होती, मला ठाऊक आहे. मग तिला आत बसवा, पाणी द्या आणि सांगा, तुम्ही झाकण नीट लावलं होतं. सुटलो तो मी.