अडुळशाचा काढा आणि मुंग्या

माझ्या हाताला गुण आहे, असं घरात एकाच माणसाचं मत आहे आणि तो माणूस मी. जन्मभर औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलो. निवृत्त झाल्यावर गॅलरीत अडुळसा लावला. त्याला पांढरी फुलं आली आणि माझ्यातला वैद्य जागा झाला.

कुणी नुसतं खाकरलं तरी मी पानं खुडायला धावायचो. पानं ठेचायची, पाणी पाव होईपर्यंत आटवायचं, कडूपणा झाकायला चांगला दोन चमचे मध. जिन्यात मला पाहिलं की शेजारी आलेला खोकला गिळून टाकत.

गेल्या आठवड्यात सूनबाई खोकू लागली आणि मला हत्तीचं बळ आलं. ती बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी कॉम्प्युटरवर काम करत बसते. सकाळ-संध्याकाळ काढ्याचा पेला मी स्वतः तिच्यापुढे ठेवायचो.

"निवला की घेते हं, बाबा," ती म्हणायची. थोड्या वेळाने पेला रिकामा. खोकलाही कमी होत चालला होता. त्याच सुमारास खिडकीतल्या गुलाबाच्या कुंडीला मुंग्या लागल्या. मी पावडर आणून टाकली.

रविवारी चहा पिताना मुलगा लाजत म्हणाला, "बाबा, तुम्ही आजोबा होणार. तिसरा महिना लागलाय."

माझा कप बशीवर आपटला. गरोदर बाईला अडुळसा देऊ नये, गर्भाला धोका असतो, हे मला पाठ होतं. दुकानात खोकल्याची साधी बाटली देतानाही मी आधी विचारायचो, "दिवस गेलेत का?" घरात विचारलं नाही. का, तर पाला माझ्या झाडाचा! पुराणातली वांगी पुराणात.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला!" मी ओरडलो. "किती प्यायलीस गं? सगळा?"

सूनबाईने सासूकडे पाहिलं. सासूने, म्हणजे माझ्या बायकोने, गुलाबाच्या कुंडीकडे.

"एक थेंबही नाही," बायको म्हणाली. "मीच तिला सांगितलं होतं, हसून पेला घ्यायचा आणि तुमची पाठ वळली की कुंडीत ओतायचा. माझा मी बेसिनमध्ये ओतते."

"सॉरी, बाबा," सूनबाई पुटपुटली. "तुम्ही इतक्या हौसेने आणायचात, नाही म्हणवेना."

मी मटकन खुर्चीत बसलो आणि चक्क रडलो. बायकोला वाटलं, अपमान झोंबला. छे! माझ्या औषधावर घरात कुणाचाही काडीचा विश्वास नव्हता, म्हणून मी आजोबा होणार होतो.