डावा हात वर केलेला पाणघोडा

मी एक जुना साचा आहे.

खरं तर अर्धाच. मित्रांनो, साचा म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण ते कुणी नीट समजून न घेतल्यामुळेच माझ्या आयुष्याची माती झाली. साच्याचे दोन पितळी ठोकळे असतात. दोन्हींच्या आतल्या अंगाला खोलगट आकार कोरलेला असतो. ठोकळे एकमेकांवर घट्ट आवळायचे, वरच्या भोकातून वितळलेलं मेण ओतायचं, गार होऊ द्यायचं आणि उघडायचं. जिथे पोकळी होती तिथे आता वस्तू असते. मी पुढचा ठोकळा. तोंड, पोट, खलाशाची टोपी आणि वर केलेला एक हात माझ्यात आहे. पाठ आणि शेपूट माझ्या भावात होती.

माझ्यातून निघायचा पाणघोडा.

त्या वर्षी करमणुकीची बाग नवीनच उघडत होती. बागेच्या फाटकावर सिमेंटचा भलामोठा पाणघोडा बसवला होता. डोक्यावर टोपी, उजवा हात वर. आत लाकडी घोड्यांचं चक्र, पायाने चालवायच्या होड्या, अंग वेडंवाकडं दाखवणाऱ्या आरशांची खोली आणि तळ्याला वळसा घालणारी छोटी आगगाडी. घरी जाताना मुलांना काहीतरी आठवण न्यायला हवी, म्हणून फाटकावरच्या पाणघोड्याचं छोटं रूप करायचं ठरलं. ते काम एका तरुण कारागिराकडे आलं. त्यांना पुढे सगळे साचेकाका म्हणू लागले. मीही तेच म्हणतो.

साचेकाकांनी फाटकाचा फोटो समोरच्या भिंतीला चिकटवला आणि एकवीस दिवस मला कोरलं. फोटोत हात ज्या बाजूला दिसत होता, बरोब्बर त्याच बाजूला त्यांनी माझ्यात हात कोरला. टोपीच्या काठापाशी छिन्नी एकदा घसरली आणि तांदळाच्या कणीएवढा खड्डा पडला. तोही त्यांनी तसाच ठेवला. मला फुंकर मारून म्हणाले, "हुबेहूब."

हुबेहूब होतो, हाच घोळ होता. साच्यात सगळं उलटं कोरायचं असतं. समोर जसं दिसतं तसं कोरलं, की बाहेर येणारी वस्तू आरशातली निघते. उद्घाटनाला दोन दिवस उरले असताना पहिला पाणघोडा बाहेर आला. व्यवस्थापकांनी तो हातात घेतला, फाटकाकडे पाहिलं, परत हाताकडे पाहिलं.

"याने कुठला हात वर केलाय?"

"उजवा," साचेकाका म्हणाले.

"कुणाचा उजवा? तुमचा की त्याचा?"

साचेकाकांनी स्वतःचा एक हात वर केला, मग दुसरा केला आणि मग खालीच बसले.

नवा साचा करायला वेळ नव्हता. म्हणून पहिलं अख्खं वर्ष माझ्यातून डावा हात वर केलेले पाणघोडे निघाले.

मी एक जुना मानकरी आहे.

हे वाक्य मला आवडतं. एकाच वर्षापुरतं खरं आहे, पण आवडतं.

आगगाडीच्या थांब्याशेजारी साचेकाकांचं टेबल असायचं. मेण आत चिकटू नये म्हणून ते आम्हा दोघा भावांच्या पोटात साबणाचं पाणी फिरवायचे. मग निळं मेण ओतायचे. मुलं टेबलाला नाकं टेकवून उभी असायची. "झाला का?" "थांब की, आत कपडे घालतोय तो." साचा उघडला की पाणघोडा हातात पडायचा आणि तो कोमट असायचा. मित्रांनो, ही कोमट वस्तू हातात आल्यावर मुलांची तोंडं कशी व्हायची ते मी फक्त खालून पाहिलं आहे, पण पाहिलं आहे.

हात उलटा आहे हे मुलांच्या लगेच लक्षात आलं. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. एका मुलीने तर कारणही शोधून काढलं. "फाटकावरचा या या म्हणतो. हा टाटा करतो. म्हणून याला घरी न्यायचं." दुसऱ्या दिवसापासून सगळी मुलं तेच सांगायला लागली.

मोठ्यांना असं काही सुचलं नाही. बागेतले लोक साचेकाकांना उलटहात्या म्हणायला लागले. चहा दिला की म्हणायचे, "कुठल्या हातात देऊ?" साचेकाका हसायचे. संध्याकाळी मला पुसताना मात्र त्यांचा अंगठा त्या हातावर जरा जास्तच वेळ रेंगाळायचा.

पुढच्या वर्षी मोठ्या कारखान्यातून प्लास्टिकचे पाणघोडे आले. खोकीच्या खोकी. उजवा हात वर, अगदी बरोबर आणि थंडगार. साचेकाकांना सांगण्यात आलं की आता गरज नाही. जाताना ते शेवटचा मेणाचा पाणघोडा खिशात घालून गेले. आम्हाला नेण्याची परवानगी नव्हती. आम्ही बागेचे होतो.

माझा भाऊ त्याच वर्षी भंगारात गेला.

(इथे खरं तर त्याने बोलायचं होतं. पाठीमागे काय घडलं ते त्याला ठाऊक होतं.)

मी एक जुना दारठोकळा आहे.

मला कुणीतरी बाहेरून काळा रंग फासला होता. त्यामुळे मी पितळेचा आहे हे भंगारवाल्यालाही कळलं नाही आणि मी राहिलो. हात धुण्याच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटायचं, म्हणून मला त्याच्यापुढे ठेवलं. पालथा. तोंड जमिनीला.

मित्रांनो, चाळीस वर्षं मी जमीन पाहिली. त्या चाळीस वर्षांत लोकांनी मला किती लाथा मारल्या याचा हिशेब मी ठेवलेला नाही, आणि अंगठा ठेचला म्हणून मला शिव्या देणाऱ्यांवर रागही धरलेला नाही. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. लोक माझ्यावरून ओलांडून जाताना एकमेकांना म्हणत असतात, "पूर्वीची मजाच वेगळी होती, नाही? तो मेणाचा पाणघोडा आठवतो? गरमागरम मिळायचा. आता कुठे असेल तो साचा?"

इथे आहे. तुमच्या पायाखाली.

पण मला आवाज नाही, आणि वाकून बघण्याची कुणाला गरज वाटत नाही. हळहळणं सोपं असतं, त्याला कंबर वाकवावी लागत नाही.

वाकल्या त्या एकट्या सफाईच्या मावशी. लादी पुसायला त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि म्हणाल्या, "अरे, तुला पोट आहे की." बेसिनवर साबणाचे झिजलेले तुकडे उरतात, ते मावशींना टाकवत नसत. ते भिजवून त्या माझ्यात दाबायच्या, वाळले की ठोकून काढायच्या. अर्धा पाणघोडा. पुढून गुबगुबीत, मागून सपाट. तो बेसिनवर ठेवायच्या. लोक त्याने हात धुवायचे, तो झिजायचा, मावशी नवा करायच्या. डावा हात वर.

इतक्या वर्षांनी माझ्या पोटात पुन्हा साबण आला होता. मी त्यातच समाधान मानायला शिकलो होतो.

मी एक जुनी "लोखंडी वस्तू, उपयोग अज्ञात" आहे.

हे मी म्हणत नाही. माझ्या पाठीवर चिकटवलेली चिठ्ठी म्हणते.

बागेने यंदा "ते पहिले दिवस" नावाचं प्रदर्शन भरवलं. तिकीटघराची जुनी खोली रंगवली. ती खोली माझ्या दाराला लागूनच आहे. काचेच्या कपाटात जुनी तिकिटं, आगगाडीची शिट्टी, चक्राच्या घोड्याचा एक कान. प्रदर्शनाच्या मॅडमनी बागेतल्या प्रत्येक वस्तूची यादी केली आणि मलाही चिठ्ठी लावली. उलटं मात्र केलं नाही. बाहेर टेबलावर "जुन्या काळचे" नवे पाणघोडे विकायला ठेवले. ते जुने दिसावेत म्हणून सँडपेपरने घासून आणले होते. त्या सगळ्यांचा उजवा हात वर होता.

आणि तिथे साचेकाका आले.

मी त्यांना आवाजावरून ओळखलं. आता म्हातारे झाले होते. सोबत सून होती. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि निळा पाणघोडा मॅडमच्या पुढे ठेवला.

"हा पहिल्या वर्षाचा. तुमच्या कपाटात ठेवा."

मॅडमनी तो फिरवून पाहिला. त्या वाईट नव्हत्या, मित्रांनो. नीट बोलल्या. "काका, ही नक्कल दिसतेय. बागेच्या पाणघोड्याचा उजवा हात वर असतो. फाटकावर बघा ना. मूळ वस्तूत असं चालत नाही."

"चुकून झालं होतं."

"असेल, पण काही पुरावा? फोटो, कागद?"

"मॅडम," सून म्हणाली, "चाळीस वर्षं घरात देवासारखा ठेवलाय हा. उन्हाळ्यात वितळेल म्हणून आमच्या बाबांनी याला माठाशेजारी झोपवलाय. एवढी काळजी त्यांनी माझ्या नवऱ्याचीही घेतली नाही."

"मला पटतंय हो. पण खोटी वस्तू मी मूळ म्हणून कशी मांडू?"

मग साचेकाका म्हणाले, "चुकलेला म्हणा. चाळीस वर्षं ऐकलंय, अजून ऐकेन. खोटा म्हणू नका. चूक माझी आहे. ती मी केली होती."

मी चार पावलांवर होतो. पालथा. दारात. माझ्या पोटात तोच हात होता, टोपीच्या काठाचा तोच खड्डा होता. इतका जड असल्याचा मला जन्मात कधी एवढा संताप आला नव्हता. कूस बदलता आली असती तरी पुरलं असतं.

साचेकाका तोंड धुवायला आले. डोळ्यांत पाणी असेल, माहीत नाही, मला जमीनच दिसते. त्यांची चप्पल माझ्यावर आपटली. ते बेसिनपाशी गेले. नळ सुरू झाला, आणि सुरूच राहिला.

"मावशी," ते म्हणाले, "हा साबण कुठला?"

"माझाच कारखाना," मावशी म्हणाल्या. "उरलेले तुकडे असतात. न्या की एखादा, अजून दोन आहेत."

"कशात करता?"

"आत्ता तुम्ही ज्याला लाथ मारून आलात ना, त्यात."

नळ बंद झाला. गुडघे मोडल्याचा आवाज आला. आणि मित्रांनो, मला उलटं केलं गेलं. चाळीस वर्षांनी तोच अंगठा माझ्यातल्या त्या हातावरून फिरला. जागा चुकला नाही.

साचेकाकांनी मला मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मॅडम वाकल्या, माझ्यात पाहिलं आणि म्हणाल्या, "पण काका, यात तर हात फाटकासारखाच आहे. बघा ना. हुबेहूब."

साचेकाका हसायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदाच. "मॅडम, मीही एकवीस दिवस असाच बघत बसलो होतो."

"म्हणजे हुशारीत तुम्ही दोघं सारखेच," सून म्हणाली.

मावशींनी भिजलेला साबण आणला. साचेकाकांनी तो माझ्यात दाबला, कडेकडेने, घाई न करता. सगळे वाट बघत उभे राहिले. मग टक्‌ टक्‌ ठोकून त्यांनी साबण बाहेर काढला आणि निळ्या पाणघोड्याशेजारी ठेवला. दोघांचे डावे हात वर. दोघांच्या टोपीच्या काठावर तांदळाच्या कणीएवढा उंचवटा. मॅडमनी मला पाहिलं, साबण पाहिला, परत मला पाहिलं. स्वतःचा एक हात वर केला. मग दुसरा.

मग माझ्या पाठीवरची चिठ्ठी त्यांनी नखाने खरवडून काढली.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या वर्षाचा पाणघोडा आणि त्याचा साचा. हात चुकून उलटा."

"चुकून असं लिहिलेलं चालेल तुम्हाला?"

"तेवढंच तर लिहा," साचेकाका म्हणाले, आणि शेजारी स्वतःचं नाव लिहून घेतलं.

मी एक जुनी अमूल्य वस्तू आहे.

गोष्ट इथे आनंदाने संपायला हवी होती. तुम्हालाही तसंच वाटलं असेल.

माझा काळा रंग काढून मला चकचकीत केलं आणि काचेत ठेवलं. हात लावू नये, अशी पाटी आहे. मावशींना माझ्याजवळ यायला मनाई आहे. त्यांच्या दाराला आता वीट लावली आहे आणि साबणाचे तुकडे मोरीतून वाहून जातात. माझ्या शेजारी निळा पाणघोडा उभा आहे. आणि रोज, मित्रांनो, रोज कुणीतरी काचेला नाक लावतं, माझ्यात बघतं, त्याच्याकडे बघतं आणि शहाणपणाने म्हणतं, "जुळत नाहीत हो हे दोन. साच्यात बघा, उजवा हात आहे." चिठ्ठी खाली आहे. ती वाचायलाही वाकावं लागतं.

गुरुवारी साचेकाका येतात. लोक त्यांनाही समजावतात, "काका, हात चुकलाय बरं का." ते म्हणतात, "हो, चुकलाय," आणि ताठ उभे राहतात. त्यांचं काम झालं आहे. माझं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी म्हणणार, हे तुम्ही ओळखलं असेल. तेच म्हणतो. पण काळजी म्हणजे काच नव्हे. वर्षातून एकदा तरी ही काच उघडा. मावशींना बोलवा. मेण ओता, नसेल तर साबण दाबा, काहीच नसेल तर ओली माती चालेल. एखाद्या मुलाच्या हातात ते देऊन बघा.

तोवर नुसतं वाकून माझ्याबद्दल मत बनवू नका. मी आत जसा दिसतो, त्याच्या नेमकं उलटं देतो.