तीन लाख लोकांनी पाहिलेला पाय

सोलापूरच्या विजापूर वेशीजवळच्या एका बोळात चांदसाब अठ्ठावीस वर्षं कृत्रिम पाय बनवत होते. साखरेच्या आजारानं किंवा अपघातानं पाय गेलेली माणसं खेड्यापाड्यांतून त्यांचा पत्ता विचारत यायची. गेल्या काही वर्षांत मात्र ती येईनाशी झाली. वैरागचा एक माणूस बोळाच्या तोंडापर्यंत आला, फोनवर शोधलं तर चांदसाबांचं नावच नाही, म्हणून दुसरीकडे गेला. तिथला पाय त्याला बोचू लागला, तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून तो परत इकडे आला.

त्या दिवशी चांदसाबांच्या मुलीनं, शगुफ्तानं, ठरवलं की वडिलांचं काम लोकांच्या फोनपर्यंत न्यायचं. ती एका खाजगी कंपनीत हिशेबनीस होती. नोकरी सोडून ती कारखान्यात बसू लागली. नकाशावर दुकानाची नोंद केली, व्हॉट्सॲपचा वेगळा नंबर घेतला, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पान उघडलं, तयार पायांचे फोटो टाकले. दोन महिन्यांत चार फोन आले.

होटगी रोडला ज्ञानदा डिजिटल मार्केटिंगचे वर्ग घ्यायची. शगुफ्ता तिच्याकडे गेली. फोटो बघून ज्ञानदा म्हणाली, "अगं, प्लास्टिकचा पाय बघायला कोण थांबेल? माणूस दाखव. पहिल्यांदा उभं राहताना त्याचा चेहरा कसा होतो, ते दाखव."

असा व्हिडिओ शगुफ्ताजवळ होता. मैंदर्गीच्या मल्लव्वाचा. पन्नाशीची बाई, बाजारात भाजी विकणारी. जखम चिघळून तिचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. नवा पाय बसवल्यावर ती दोन दांड्यांना धरून आठ पावलं चालली, मग लुगडं जरा वर करून त्या पायाकडे बघत राहिली आणि रडू लागली. "काढू का व्हिडिओ?" असं शगुफ्तानं तेव्हा विचारलं होतं. "काढ की," मल्लव्वा म्हणाली होती.

शगुफ्तानं तो पानावर टाकला आणि बघता बघता तीन लाख लोकांनी पाहिला. फोन थांबेनात. लातूर, विजापूर, कलबुर्गीहून माणसं येऊ लागली. चांदसाबांनी हाताखाली आणखी एक कारागीर घेतला. ते फोन फक्त बोलायला वापरत. एवढी माणसं कशामुळे येतात, हे त्यांनी विचारलं नाही आणि शगुफ्तानं सांगितलं नाही.

तीन महिन्यांनी मल्लव्वानं पुन्हा यायचं होतं. कापलेला पाय हळूहळू बारीक होतो. मग तो ज्या वाटीत बसतो ती सैल पडते, कातडी घासते आणि जखम होते. ती ठरल्या दिवशी आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. फोन केला तर कुणी उचलेना.

"ही बाई तारीख चुकवणारी नाही," चांदसाब म्हणाले. बाजाराच्या दिवशी बापलेक एसटीनं मैंदर्गीला गेले.

मल्लव्वा बाजाराच्या अगदी कडेला बसली होती. पुढ्यात वांगी आणि मेथी, बाजूला काठी. पाय तिनं काढून पोत्याखाली ठेवला होता.

"का गं, आली नाहीस?" चांदसाबांनी विचारलं.

ती थोडा वेळ मेथीच्या जुड्या सारख्या करत राहिली.

"अण्णा, लुगड्याखाली काय हाय ते माज्या घरातल्यांशिवाय कुणाला ठावं नव्हतं. लोक म्हणायचे, लंगडती जरा. आता कुनी वांग्याचा भाव इचारत न्हाय. पोरं येत्यात, फोन दाखवत्यात, म्हणत्यात पाय दाव की. लेकीच्या सासरी सुद्दा सगळ्यांनी बगितलं. मी रडताना बगितलं."

चांदसाबांनी शगुफ्ताकडे बघितलं. "क्या दिखाई तू?"

तिनं फोन पुढे केला. त्यांनी उभ्याउभ्याच व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"पूछी थी क्या उसकू?"

"पूछी थी."

"लोकांना दाखवनार म्हणून इचारलं न्हाईस, पोरी," मल्लव्वा म्हणाली. "मला वाटलं डाक्टरला दावायला लागतंय."

शगुफ्तानं तिथंच व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर कितीतरी पानांनी तो उचलला होता. कुणी त्यावर गाणं लावलं होतं, कुणी खाली देवाचं नाव लिहिलं होतं. हे सगळं मल्लव्वाला कसं सांगावं, तिला कळेना. तरी तिनं सांगितलं. 

चांदसाबांनी पिशवीतून प्लास्टरच्या पट्ट्या काढल्या. "जखम बघू दे. नवं माप घेतो. घरी चल."

"तुमच्या हाताशी माजं भांडण न्हाय," असं म्हणून ती काठी घेऊन उठली. तिनं शगुफ्ताला मात्र घरात बोलावलं नाही. शगुफ्ता अंगणात उभी राहिली.

परतताना एसटीत चांदसाब एकच वाक्य बोलले, "आपल्याकडे माणूस सगळ्यात उघडा होऊन येतो, बेटी."

दुसऱ्या दिवशी शगुफ्तानं कोरा कागद घेतला. आपल्याकडे कोण येतं आणि दारात पाय ठेवण्याआधी त्याला कशाची भीती असते, ते लिहून काढलं. किती दिवस लागतील? खाली मांडी घालून बसता येईल का? शेताच्या चिखलात चालेल का? जखम झाली तर? एकेका प्रश्नावर तिनं एकेक छोटा व्हिडिओ केला. त्यात दिसतात फक्त चांदसाबांचे हात आणि ऐकू येतो त्यांचा आवाज. ते मराठीत बोलतात, मग दखनीत. कानडीत बोलायला त्यांचा जुना मित्र बसवेश येतो. ज्याचा फोटो घ्यायचा, त्याला आधी फोनवर दुसऱ्याचा फोटो दाखवून सांगायचं की हा असा सगळ्या गावाला दिसेल, आणि मगच विचारायचं. बहुतेक जण नको म्हणतात.

ज्ञानदाला हे पटलं नाही. "पाचशे माणसं बघतायत, शगुफ्ता. तीन लाखांवरून पाचशे!"

"पण जे फोन करतात ते नेमकं विचारतात," शगुफ्ता म्हणाली. "आणि येतात."

येणारी माणसं कमी झाली, हे खरं होतं. नवा कारागीर दुसरीकडे गेला.

मल्लव्वा नव्या वाटीसाठी सोलापूरला आली ती सव्वा महिन्यानं. पाय नीट बसला. चालून बघता बघता तिनं चांदसाबांना सांगितलं की आता ती मैंदर्गीच्या बाजारात बसत नाही, अक्कलकोटला जाते. तिथं ओळखणारे कमी आहेत. पहाटेची गाडी धरावी लागते, पण भाजी खपते.

"लई उभं राहू नकोस," चांदसाब म्हणाले.

"व्हय, अण्णा."

शगुफ्ता टेबलापाशी बसून पुढची तारीख लिहीत होती. मल्लव्वानं तिच्या हातून तो कागद घेतला, नीट घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि एकटीच पायऱ्या उतरली.