चौथा पाटा

निपाणीजवळ हायवेच्या सर्व्हिस रोडला विक्रमचं गॅरेज आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखालचे, टेम्पोखालचे धक्के झेलणारे लोखंडी पाटे मोडले की लोक त्याच्याकडे येतात. या भागात ट्रॉलीवर किती ऊस लादावा याला कुणी धरबंद ठेवत नाही, म्हणून विक्रमनेही एक खोड लावून घेतली होती. ट्रॉलीवाल्याने सात पाटे सांगितले की हा आठवा घालायचा आणि वर म्हणायचा, "असू दे आण्णा, तुमी किती भरताय ते मला म्हायती हाय." त्याने बांधलेला पाटा मोडून परत आलाय असं कधी झालं नव्हतं आणि हे तो गिऱ्हाइकाने विचारलं नाही तरी सांगायचा.

त्या दिवशी मात्र त्याचं कामात लक्ष नव्हतं. चार दिवस वर घाटात पाऊस कोसळत होता आणि वेदगंगा पात्र सोडून शेतात शिरली होती. मळीवाडीची सगळी माणसं शाळेत जाऊन बसली होती. फक्त विक्रमची आई, शालूबाई, नदीकाठच्या मळ्यातल्या घरात दोन म्हशी धरून बसली होती. "म्हशी सोडून मी येत न्हाय. मागच्या महापुरात तरी उंबऱ्याच्या आत कुठं आलतं पाणी?" असं तिने पोराला आदल्या दिवशी फोनवर ठणकावलं होतं. पोराने आरडाओरडा केला, तिने फोन ठेवला. सकाळी मळ्याची वाटच पाण्याखाली गेली. सरकारी बोट खालच्या गावांत गुंतलेली. चुलतभाऊ भरमू शाळेच्या पायरीवरून घटकाघटकाला फोन करून पाणी कुठवर आलं ते सांगत होता.

अशात एक जीप ट्रेलर फरफटत गॅरेजच्या दारात आली. ट्रेलर जुनाट, गंजलेला, एका अंगावर कललेला, आणि वर चक्क बोट!

जीपमधून उतरले ते बेळगावचे उपेंद्र वकील. कॅम्पात राहायचे, सुट्टीला धरणावर बोटीतून मासे धरायची हौस. पूर आल्यावर हौशी लोकांनी आपापल्या बोटी काढल्या, त्यात हेही निघाले होते. निपाणीच्या अलीकडे एका खड्ड्यात ट्रेलरचा डावा पाटा कडीपाशी मोडला.

"मिस्त्री, पटकन काही होईल का? मला मळीवाडीला पोचायचंय. तिथे एक म्हातारी अडकलीय म्हणतात."

विक्रमने हातातला पाना खाली ठेवला. मग तो म्हणाला, "ती माझी आई हाय, साहेब." आणि उत्तराची वाट न बघता जॅक घेऊन ट्रेलरखाली शिरला.

खाली सगळा आनंद होता. डावा पाटा मोडलेला, उजवा मोडायच्या बेतात. बुश झिजून पार गळालेले, पाटा टांगून धरणाऱ्या शॅकलच्या पट्ट्या कागदासारख्या झालेल्या, एक्सलला पाटा आवळून धरणारे यू-बोल्ट गंजून अर्धे उरलेले. नुसता पाटा बदलून भागणार नव्हतं. विक्रमने छोट्या टेम्पोचे पाटे काढले, जुन्या मापाला लावून बघितले. बसत होते. एकेका बाजूला तीन.

"जसं होतं तसंच करा हं," वकील वरून म्हणाले. "बोट फायबरची आहे, हलकी आहे. आणि जुनं सामान सगळं पोत्यात घालून माझ्या गाडीत टाका."

हे शेवटचं वाक्य विक्रमला झोंबलं. जुनं सामान परत मागणारं गिऱ्हाईक म्हणजे मिस्त्रीवर विश्वास नसलेलं गिऱ्हाईक. नवीन घातलं की जुन्यालाच पॉलिश मारलं, हे घरी जाऊन तपासणारं. 'माझी आई तिकडं पाण्यात हाय आणि मी ह्याचा गंज चोरतोय व्हय?' असं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण भांडायला वेळ कुणाला होता? त्याने काढलेला प्रत्येक तुकडा, अगदी पाट्याखालच्या जाड लोखंडी प्लेटासुद्धा, रागारागाने पोत्यात आपटला.

वकील फोनवर बोलत रस्त्याकडे गेले. विक्रम तीन पाट्यांची थप्पी हातात धरून बसला. ती त्याला फारच किरकोळ वाटली. पुढचा रस्ता खड्ड्यांचा, वाटेत पुन्हा मोडलं तर? दुसरी बोट कुठून आणायची? आईचा जीव या थप्पीवर आहे आणि थप्पी केवढी, तर हातात मावेल एवढी! त्याने मागे बघितलं. भिंतीशी उसाच्या ट्रॉलीचे जाडजूड पाटे रचलेले होते. त्यातला एकेक आखूड पाटा त्याने दोन्ही बाजूंना खाली घातला, नव्या प्लेटा लावल्या, त्या जाडीच्या मापाने नवे यू-बोल्ट वाकवून आवळले, आणि जॅक सोडला. ट्रेलर ताठ उभा राहिला. विक्रमला जरा धीर आला. वकिलांना त्याने काही सांगितलं नाही. आजवर जास्तीचं घातलं म्हणून कुणी तक्रार केली नव्हती.

पाने, जॅक आणि ते जुन्या सामानाचं पोतं जीपमध्ये टाकून विक्रम वकिलांच्या शेजारी बसला.

हायवेवर सगळं ठीक होतं. मळीवाडीच्या फाट्याला वळले आणि पहिल्याच खड्ड्यात मागे धाडकन आवाज झाला. विक्रमने वळून बघितलं. बोट ट्रेलरवरून वीतभर उडून परत आपटली होती. पुढच्या खड्ड्यात पुन्हा तेच. तीन पाटे लवचिक होते, ते खड्डा गिळणार होते. पण खालचा तो ट्रॉलीचा पाटा त्यांना वाकूच देईना. त्याला हलायला उसाचा ढीग लागतो. एवढ्याशा बोटीचं वजन त्याच्या खिजगणतीत नव्हतं.

विक्रमला पहिल्याच धडाक्याला कळलं. 

"हे असं का उडतंय हो?" वकिलांनी विचारलं.

"रस्ता लई खराब हाय," विक्रम म्हणाला.

तेवढ्यात भरमूचा फोन आला. तो ओरडतच होता. "इक्या, पाणी गोठ्यात शिरलं रं! काकी माळ्यावर चढल्या वाटतंय, कंदील हालताना दिसला. कुठं हाईस तू?"

वकिलांनी वेग वाढवला. पुढच्या खड्ड्यात बोटीचा पट्टा तुटला, बोट मागे सरकली आणि तिचं बूड ट्रेलरच्या कडेवर घासत राहिलं. वकिलांनी कच्चकन ब्रेक मारला. दोघे धावत मागे गेले. फायबरवर केसाएवढी चीर उमटली होती.

"आणखी दोन खड्डे," वकील चिरेवरून अंगठा फिरवत म्हणाले, "आणि ही पाण्यात घातली की बुडणार. मिस्त्री, हा ट्रेलर आठ वर्षं माझ्याकडे आहे. असा कधीच उडला नाही."

अंगावर पाऊस पडत होता. दोन्ही बाजूंच्या उसात पाणी चढलेलं. विक्रमला वाटलं, गप्प बसलो तर हळूहळू जाऊ, पोचू कसेतरी. पण हळू गेलं तर आईकडे पाणी आधी पोचणार आणि जोरात गेलं तर फुटकी बोट पोचणार. आपल्या शहाणपणापायी आपण आपल्याच आईची वाट अडवली, हे त्याला इतकं स्वच्छ दिसलं की लाजही वाटेनाशी झाली.

"साहेब, चूक माझी हाय. तुमी तसंच करा म्हणालता. मी खाली उसाच्या ट्रॉलीचा एक पाटा जास्ती घातला. मोडू नये म्हणून. त्येच्यामुळं उडतंय."

वकील कोर्टातसुद्धा वापरत नसतील अशा आवाजात कडाडले, "अहो, पण मी सांगितलं होतं ना तुम्हाला! कुणाला विचारून घातलात?"

"कुणाला न्हाय. आई दिसत हुती डोळ्यापुढं."

वकील जीपमधून जॅक काढून स्वतःच ट्रेलरच्या चाकाशी बसले. "काढा मग. काय बघताय?"

भररस्त्यात, चिखलात पाठ टेकून विक्रम खाली सरकला. नट सैल केले, जाड पाटा ओढून काढला, बाकीचे तीन नीट जुळवले, नट परत चढवले. आवळत आवळत शेवटाला आला आणि पाना अडला. नट पुढे जाईना आणि पाटा अजून सैलच. बोल्ट त्याने चार पाट्यांच्या मापाने केले होते. आटे तिथेच संपत होते. एका पाट्याची जागा मोकळी राहिली आणि ती भरायला जाड लोखंड पाहिजे, चार भोकांचं, बरोबर मापाचं. या उसात ते कोण देणार?

"काय झालं?" वकिलांनी विचारलं.

"बोल्ट लांब पडले. मधी घालायला प्लेट पायजे." विक्रमने पाना चिखलात टाकला. "आता न्हाय जमत, साहेब. माझ्या हातानं मारली मी तिला."

भरमूला त्याने फोन लावला. भरमूचा फोन बंद लागला.

वकील जीपकडे गेले. परत आले ते ते पोतं ओढत. चिखलात त्यांनी ते उपडं केलं. मोडका पाटा, झिजलेले बुश, गंजके बोल्ट, आणि त्यात त्या दोन जाड प्लेटा.

विक्रमने प्लेट उचलली. गंजलेली होती, भोकं झिजून लांबट झाली होती. पण याच एक्सलची, याच मापाची. नव्या प्लेटीच्या खाली ती चढवली, वर नट फिरवले. आटे उरले, नट आवळत गेला, पाटा गच्च बसला. दुसऱ्या बाजूलाही तसंच. पान्याला अंगाचं सगळं वजन देताना विक्रमच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. वकिलांनी तो ऐकला, पण ते बोटीला दोर बांधत राहिले.

"मला वाटलं हुतं," विक्रम उठत म्हणाला, "तुमचा विश्वास न्हाय म्हणून जुनं सामान मागितलासा."

"नव्हताच," वकील म्हणाले. "बसा लवकर."

आता ट्रेलर खड्ड्यांतून डुलत डुलत, पण बोटीला अंगावर धरून चालला. शाळेच्या खाली रस्ता संपला आणि पाणी सुरू झालं. भरमू कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, हातात बंद पडलेला मोबाईल. चिरेवर वकिलांनी चिकटपट्टी दाबली, बोट पाण्यात लोटली, इंजिन चालू केलं. भरमू पुढे बसून झाडांवरून वाट सांगत होता. विक्रम दोन्ही हातांनी बोटीत येणारं पाणी डबड्याने बाहेर फेकत होता.

मळ्यातल्या घराची कौलं तेवढी वर होती. कौलं सारून शालूबाई कंबरेपर्यंत बाहेर आली होती. हातात कंदील, आणि मनगटाला म्हशी बांधायची दोन रिकामी दावी गुंडाळलेली.

विक्रमने तिला उचलून बोटीत घेतलं. ती गार पडली होती, दात वाजत होते, पण तोंड चालूच होतं. "एवढा वेळ कुठं हुतास रं?"

"म्हशी?" भरमूने विचारलं.

"सोडल्या. पाणी गळ्याला लागलं तवा सोडल्या." तिने दावी छातीशी धरली. "घटकाभर अगुदर आला असतासा तर पोहत बोटीमागं आल्या असत्या. हाक मारीत गेल्या दोघी. किती लांबवर ऐकू येत हुतं."

 ती घटका कुठे गेली हे विक्रमला ठाऊक होतं आणि वकिलांनाही ठाऊक होतं. वकील समोर पाण्याकडे बघत होते. ते सांगणार नाहीत हे विक्रमला कळलं. म्हणूनच त्याला सांगावं लागलं.

"आये, उशीर माझ्यामुळं झाला. ट्रेलर मोडू नये म्हणून एक पाटा जास्ती घातला, अन् त्योच नडला. म्हशी माझ्यामुळं गेल्या."

शालूबाईने त्याच्या चिखलाने माखलेल्या तोंडाकडे बघितलं. मग तिने मनगटाची दावी सोडली, त्यातलं एक त्याच्या हातात दिलं आणि एक स्वतःकडे ठेवलं.

"तू एक पाटा जास्ती घातलास, अन् मी एक दिवस जास्ती थांबले," ती म्हणाली. "एकट्यानं कशाला रडतोस? आर्धं माझं हाय."

विक्रमने दावं मुठीत धरलं. मग डबडं उचललं आणि पाणी उपसायला लागला.